फिजिओचं बिल पास, मनाचं बिल नापास

आईच्या मानसोपचाराच्या बिलांचा विमा क्लेम टीपीएवाल्यांनी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) एवढा रखडवला नसता तर हे लिहायला बसलोही नसतो.

आईला रात्री धडधडायचं, घाम फुटायचा. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेचा विकार सांगितला, गोळी सुरू केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गाइडेड इमेजरीसाठी पाठवलं, म्हणजे थेरपिस्ट सांगेल तशी निवांत जागा मनात उभी करायची.

त्याआधी मी हौसेने एक इंग्रजी रेकॉर्डिंग लावून दिलं होतं, समुद्राच्या लाटांचं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात हयात गेलेल्या बाईला लाटांचं काय कौतुक! सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आधी तिलाच विचारलं, "कुठं बसलं की निवांत वाटतं?" आई म्हणाली, "मळ्यात, कडुलिंबाखाली. पाटात पाय सोडून." मग तिथलाच ओल्या मातीचा वास, पाटाची झुळझुळ, तळव्यांना लागणारा गारवा, असं मराठीतून सावकाश सांगत गेल्या. आईचा श्वास बघता बघता लांब झाला. तेच त्यांनी तिच्या फोनवर रेकॉर्ड करून दिलं. (काहींना डोळ्यांपुढे चित्र उभंच राहत नाही. तसं असेल तर थेरपिस्टला सांगा, वास-आवाज-स्पर्शावरही काम चालतं.)

आता क्लेम. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचेही पैसे मिळतात. आईच्याच गुडघ्याच्या फिजिओथेरपीची बिलं त्यात बिनबोभाट पास झालेली. इथे मात्र पहिली क्वेरी: डॉक्टरांची चिठ्ठी नाही. जोडली होतीच, परत अपलोड केली. मग थेरपिस्टचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक हवा. ठीक, तो रास्त आहे, शिक्का मारून आणला. मग सगळ्या सत्रांची मिळून एक पावती चालणार नाही, प्रत्येकाची वेगळी द्या. अहो, हे तिन्ही एकदम सांगायला काय जात होतं? त्यानंतर शुकशुकाट, आणि शेवटी क्लेम नामंजूर: 'रिलॅक्सेशन, वेलनेस', म्हणजे हा उपचारच नव्हे. हेल्पलाइनवरचा मुलगा अदबीने बोलायचा, पण "सर, हे मेडिटेशनसारखंच ना?" याच्या पुढे गाडी सरकेना.

फिजिओच्या पावतीवर 'गुडघा वाकवणे' असं लिहितात का? तिथे फिजिओथेरपी लिहितात. आमच्या पावतीवर नुसतं तंत्राचं नाव होतं, तेवढं धरून त्यांनी हात वर केले. मॅडमनी नव्या पावत्या दिल्या: सायकोथेरपी, तारीख, वेळ, नोंदणी क्रमांक, आणि तंत्र कंसात. डॉक्टरांनी लेटरहेडवर निदान आयसीडी कोडसकट (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) लिहून दिलं. मग मी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल ठोकला. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, २०१७, कलम २१(४): शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही. मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे. खाली लिहिलं, उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की तिथे जाता येतं. ती वेळच आली नाही. पैसे खात्यात आले, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. मला मात्र लढाई मारल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आरसीआय क्रमांक पहिल्याच सत्राला मागून घ्या. गाडी चालवताना रेकॉर्डिंग ऐकू नका. ज्यांना भास होतात किंवा जुना आघात उसळून येतो, त्यांच्या हातात नुसता फोन देऊ नका, थेरपिस्ट समोर हवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. बऱ्याच पॉलिसींत ओपीडी कव्हर नसतंच. अशांनी किमान टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि हो, फिजिओची पास झालेली बिलं टाकून देऊ नका. शारीरिक आजाराला पैसे दिल्याचा पुरावा म्हणून त्या मेलला मी तीच जोडली होती.