अण्णांना दिसलेली बैलजोडी

गोळ्या सुरू झाल्याच्या चौथ्या रात्री अण्णांनी मला जवळ बसवून घेतले आणि आवाज अगदी खाली आणून विचारले, "बाई, दावणीला बैलं उभे हायेत. तुला दिसायलेत का?" दावण रिकामी होती. आमची लालकंधारी जोडी २०१६ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी विकावी लागली, आणि त्यानंतर त्या गोठ्यात जनावर बांधले गेलेले नाही. अण्णांना हे माहीत होते. "नाहीत ते मला कळतंय," ते म्हणाले, "पर डोळे मिटले तरी दिसायलेत. शिंगाला बेगड लावलेली, अंगावर झूल. आज तिसरी रात्र हाय."

त्यातल्या दोन रात्री त्यांनी कोणालाही काही सांगितले नव्हते, आणि हे कळल्यावर मला जी भीती वाटली तीच हा सगळा मजकूर लिहिण्यामागे आहे.

अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. वीस वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला होता; तो औषधांनी पूर्ण बरा झाला, परंतु उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी राहून गेली. गेल्या हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडू लागले तेव्हा घरातल्या सर्वांना क्षयच उलटला असे वाटले. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मात्र त्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. ही ॲस्परजिलस नावाची बुरशी. शेजारीपाजारी २०२१ च्या काळ्या बुरशीची आठवण काढून हळहळू लागले, पण ती बुरशी वेगळी आणि तिचे औषधही वेगळे. अण्णांना व्होरिकोनॅझोल या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा दोन वेळा, जेवणापासून किमान एक तास अंतर ठेवून घ्यायला सांगितल्या होत्या, आणि उपचार किमान सहा महिने चालेल याची कल्पना दिली होती.

बैलांची गोष्ट घरात कळताच जो तो आपापल्या परीने अर्थ लावू लागला. आत्या म्हणाल्या की विकलेली जनावरे धन्याला न्यायला आली आहेत, तेव्हा उतारा टाकला पाहिजे. धाकट्या भावाला वाटले की वयोमानाने चळ लागला असावा. दुसऱ्या दिवशी त्याने गोळ्याच बंद करायच्या असे ठरवले, आणि त्याचे म्हणणे वरवर पाहता सगळ्यात शहाणपणाचे होते. परंतु ज्या माणसाच्या छातीतून रक्त पडले आहे त्याचे औषध आपल्या मनाने तोडणे हा धोका त्या बैलांपेक्षा कितीतरी मोठा होता. मी आत्यांशी वाद घातला नाही. सकाळची गोळी न देता, गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून, अण्णांना घेऊन पहाटेच्या गाडीने परभणीला आले आणि थेट डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातील साखर, सोडियम आणि ऑक्सिजन तपासला, ताप पाहिला, कारण भास होण्यामागे यांपैकी काहीही असू शकते आणि सगळा दोष औषधावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. ते सारे ठीक निघाल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. तीत आम्लपित्तासाठी मेडिकलमधून आणलेले ओमेप्रॅझोलचे पाकीट होते, जे अण्णा वर्षानुवर्षे घेत होते आणि जे "औषध" म्हणून सांगण्यासारखे आहे असे आम्हांला कधी वाटलेच नव्हते. यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) व्होरिकोनॅझोलचा निचरा होतो, त्याच विकराला ओमेप्रॅझोल अडवते; त्यामुळे शरीरात व्होरिकोनॅझोल साचून राहते. त्यातच काही माणसांचे हे विकर जन्मतःच मंद असते. आशियाई लोकांमध्ये अशी माणसे शंभरात पंधरा ते वीस असतात, आणि त्यांच्या रक्तात हे औषध इतरांच्या सरासरी चौपट साठू शकते. आणखी एक गोष्ट मला नवीन होती: या औषधाचा डोस दीडपट केला तर रक्तातील प्रमाण दीडपट न होता सुमारे अडीचपट होते. म्हणूनच एकाला सोसणारी गोळी दुसऱ्याला सोसेलच असे नाही.

सकाळची गोळी घेतलेली नसल्यामुळे त्याच वेळी रक्ताचा नमुना घेता आला. या तपासणीत दोन गोळ्यांच्या मधले सर्वांत कमी प्रमाण मोजतात. ते साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावे, आणि त्याच्या वर गेले की भास, गोंधळ अशा तक्रारी वाढतात. अहवाल यायला चार दिवस लागणार होते, पण डॉक्टर थांबले नाहीत. ओमेप्रॅझोल बंद झाले आणि गोळी निम्मी झाली. अहवालात ७.४ हा आकडा आला.

नजरेतले दोन बदल वेगवेगळे आहेत, हेही त्याच दिवशी कळले. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात डोळ्यांपुढे लखलखणे, उजेड बोचणे, रंग बदललेले किंवा धूसर दिसणे हे पुष्कळांना होते आणि बहुधा तासाभरात ओसरते. डोळ्याच्या पडद्यातील उजेडाचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींवर औषधाचा जो तात्पुरता परिणाम होतो, त्यातून ते घडते. नसलेली माणसे किंवा जनावरे दिसणे, नसलेले आवाज ऐकू येणे हे त्याहून कमी जणांना होते, आणि बहुतेकदा औषधाचे प्रमाण वाढल्याची ती खूण असते. अण्णांना दोन्ही होत होते. रात्री नऊची गोळी घेऊन ते मोटार चालू करायला विहिरीवर जात होते, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच येत होती. धूसर नजर, अंधार आणि कठडा नसलेली विहीर! "रात्री गाडी चालवू नका" अशी सूचना आम्हांला मिळाली होती, परंतु अण्णा गाडी चालवतच नाहीत, म्हणून ती आपल्यासाठी नाही असेच सर्वांनी धरले. आमच्या भागात हे औषध देताना विहीर, शेततळे आणि मोटारीचा स्टार्टर यांची नावे घेऊन सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. उन्हाचेही तसेच आहे. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते, आणि मराठवाड्यातल्या उन्हात शेतकऱ्याला "ऊन टाळा" म्हणून भागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर उपरणे आणि अकरा ते चार शेतात नाही, इतके नेमके सांगावे लागते.

गोळी निम्मी केल्याच्या तिसऱ्या रात्री अण्णांना काही दिसले नाही. मी विचारले की पहिल्याच रात्री का सांगितले नाही. ते बराच वेळ गप्प होते. "म्हातारा चळला म्हणतील," ते म्हणाले, "आन मग शेताचं कुणी काही इचारणार नाही." घरात आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही या भीतीने त्यांनी दोन रात्री एकट्याने काढल्या होत्या, आणि रोज फोनवर "गोळी घेतली का" इतकेच विचारणाऱ्या मला "काही वेगळे दिसते का, ऐकू येते का" हे विचारायचे सुचले नव्हते. आता मी रोज विचारते आणि गोळीची वेळ व उत्तर दोन्ही वहीत लिहून ठेवते.

आठवड्याने पुन्हा तपासलेले प्रमाण २.९ निघाले. रात्रीच्या मोटारीचे काम भावाने आपल्याकडे घेतले आहे. डॉक्टरांनी या त्रासाची नोंद सरकारच्या औषध-दुष्परिणाम कार्यक्रमाकडे केली. तशी नोंद रुग्णाला किंवा घरच्यांनाही १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर करता येते. अण्णांचा उपचार चालू आहे, रक्त पडणे थांबले आहे, आणि पुढचे सीटी स्कॅन दिवाळीनंतर आहे.