मचूळ विहीर आणि विषय क्रमांक पाच

श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून आमची अकरा गुंठे वाडी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी दोन-तीन तासांत एकीवर एक आडव्या झाल्या. भरपाई जाहीर झाली हेक्टरी 50 हजार. आकडा ऐकायला भारदस्त, पण गुंठ्याला पडतात पाचशे. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, ती कुठल्या हिशेबात धरायची?

नवी रोपं लावली. दोन वर्षांनी त्यांच्या पात्यांची टोकं करपायला लागली आणि त्याच उन्हाळ्यात घरात चहा फाटायला लागला. आधी मी दूधवाल्याशी भांडले. मग पाणी चाखलं, तर विहीर मचूळ झाली होती.

अरबी समुद्र तापतोय, पाणी चढतंय, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण उधाण अडवणारा पुळणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरचा, वाळूचा बांध टेम्पोत भरून कोण नेत होतं? गावातलेच. घर बांधायला, लॉज बांधायला. वरून आमच्या सगळ्यांच्या मोटारी दिवसभर गोडं पाणी उपसतात, मग खारं आत शिरतं. त्यात मीही आलेच.

म्हटलं, ग्रामसभेत यावर ठराव करून घ्यायचा. पहिल्या वेळी नुसतीच उठून बोलले. माना हलल्या, ‘वहिनी बरोबर बोलतात’ झालं. महिन्याने प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेची नोंदवही, बघायला मागितलं, तर त्यात माझ्या बोलण्याचा एक शब्द नाही. लिहिलंय काय, ‘विविध विषयांवर चर्चा झाली.’

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. सभेची नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज दिला, विषयपत्रिकेवर विषय घ्या म्हणून, आणि पोच घेतली. ग्रामसेवक म्हणाले, “ताई, आयत्या वेळच्या विषयात घेऊ की.” मी म्हटलं, “नको भाऊसाहेब, आयत्या वेळेपर्यंत लोक जेवायला जातात.” विषय पाचवा लागला.

गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. आमचे निम्मे मतदार मुंबईत. जमले एकेचाळीस. सभा तहकूब. मी हिरमुसले, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते हे तेव्हाच कळलं.

मधल्या दिवसांत घरोघर फिरले. ‘हवामान बदल’ म्हटलं की बायका, मी मुलांच्या अभ्यासाचं बोलतेय, असं बघायच्या. मग बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन जायला लागले. चाखा म्हणायचे. पुढे काही समजावावं लागत नव्हतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे आम्ही विषय लावून धरला.

खरी सभा मात्र तापली. टेम्पोवाला माझा चुलत दीर. तो उठला, “वहिनी, तुमच्या पडवीला वाळू कुठली होती?” गप्प बसले. वाळू त्याच पुळणीवरची होती. मग म्हटलं, “तिथलीच होती. लिहा तेही.” लोक हसले, आणि त्यानंतर वातावरण जरा सैल झालं.

सरपंचबाईंचे यजमान शब्द घालत होते, ‘शक्यतो वाळू उचलू नये.’ त्या ‘शक्यतो’वर अर्धा तास गेला. शेवटी सरपंचबाईच म्हणाल्या, “काढा तो शब्द.” त्या दिवसातलं त्यांचं एवढंच वाक्य, पण कामाचं. ठरावात तीन गोष्टी आल्या: पुळणीवरची वाळू बंद, सुरूच्या झाडांची फेरलागवड, आणि बागायतीची भरपाई क्षेत्रावर नाही तर झाडावर. सूचक मी, अनुमोदक शेजारच्या काकी. वाचून दाखवेपर्यंत जागची हलले नाही.

ठरावाची नक्कल घेऊन तहसीलला गेले आणि आवक शिक्का मारून घेतला. टेम्पो दिवसा बंद झाला. रात्रीचा एकदा आवाज आला होता. सुरूची रोपं लागली, त्यातली काही गुरांनी खाल्ली. भरपाईच्या मागणीचं उत्तर अजून नाही, तिसरं स्मरणपत्र देऊन आलेय.

आठवड्यातून एकदा त्या विहिरीच्या पाण्याचा चहा करून बघते. गेल्या मंगळवारी फाटला.