तेरावा गडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही पहिले नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी इंदूरच्या चिमणबागेत चक्कर मारायला गेलो की कुणी ना कुणी गाठतंच. "सर, तुम्ही कॉलेजात क्रीडा अधिकारी होता. खोटी कागदपत्रं देऊन खेळलेल्या पोराला पुन्हा खेळू द्यावं का?" विचारणारा बहुधा त्या पोराचा बाप असतो, नाहीतर ज्या पोराची जागा गेली त्याचा. कोण कोणाचा ते पहिल्याच वाक्यात कळतं. एक 'चूक झाली' म्हणतो, दुसरा 'फसवणूक केली' म्हणतो.

आधी नियम सांगतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते धड ठाऊक नसतात. मी नोकरीत होतो तेव्हा आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं तर मुलगा नियमित विद्यार्थी लागायचा, म्हणजे निदान वर्षभराच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला. १ जुलैला वय २५ च्या वर नको, बारावी होऊन ८ वर्षांहून जास्त लोटलेली नकोत, आणि कुठे पूर्णवेळ नोकरीला नको. आमच्या मध्य प्रदेशात जे घरून परीक्षेचा फॉर्म भरतात त्यांना कागदोपत्री 'स्वाध्यायी' म्हणतात, बोलताना सगळे 'प्रायव्हेट'. प्रायव्हेटवाल्याला पदवी मिळते, पण विद्यापीठाचा बनियन अंगावर चढत नाही.

मला या अटी कधी जाचक वाटल्या नाहीत. त्या नसत्या तर दर ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजने पोलीस लाइनीतून आणि रेल्वेतून गडी उचलून आणले असते, आणि वर्गात बसणारी पोरं टाळ्या वाजवायला उरली असती.

अर्थात आपण इंदूरकरांनी या विषयावर फार सोवळं नेसून बसू नये. १९४४-४५ च्या रणजीच्या अंतिम सामन्यात आपल्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ कोणी काढल्या? डेनिस कॉम्प्टनने. इंग्लंडचा फलंदाज, लढाईमुळे फौजेत, नेमणूक महूला. महू म्हणजे तर आमचं अंगणच. झाला आमचा गडी! त्याच संघातले सी. के. नायडू नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. पुढे १९४५-४६ ते १९५२-५३ च्या दरम्यान चार वेळा रणजी करंडक आपल्याकडे आला, आणि कोणी कोणाचं गाव विचारलं नाही. त्यात नियम मोडला असं मी म्हणत नाही, तेव्हाचे नियमच तसे होते. पण सकाळी त्या संघाच्या आठवणींनी गळा काढणारे गृहस्थ संध्याकाळी एखाद्या विशीतल्या पोराला 'बाहेरचा, उपरा' म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला उत्तर द्यायचा अधिकार नाही.

१९९७ साल. आमच्या कॉलेजचा खो-खोचा संघ. त्यात एक मुलगा बडवाहचा. खांबाजवळ त्याच्यासारखा सूर मारणारा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. डाव्या हाताने खांब धरायचा, सगळं अंग जमिनीला समांतर आडवं, आणि उजव्या हाताची बोटं पळणाऱ्याच्या टाचेला लागलेली. लागलीत हे पळणाऱ्याला पंचाच्या शिटीनंतर कळायचं. हंगामभर त्याच्या डाव्या बरगडीवरची कातडी सोललेली असायची, तिथे तो हळद चोपडून यायचा.

पहिल्या वर्षी तो नियमित होता. दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. फी भरली गेली नाही, त्याने प्रायव्हेटचा फॉर्म भरला आणि सियागंजात एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागला. शनिवारी रात्री मीटरगेजच्या गाडीने घरी जायचा, सोमवारी परत. रोज संध्याकाळी दुकानातून थेट मैदानावर. अंगाला हिंगाचा आणि सुक्या मिरचीचा असा वास की सराव सुरू होताना पोरं शिंकायची.

ऑगस्टमध्ये एलिजिबिलिटी प्रोफार्मा, म्हणजे पात्रतेचा फॉर्म भरायचा असतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कोणती परीक्षा कोणत्या साली दिली, प्रवेश क्रमांक, कोपऱ्यात फोटो आणि फोटोवर अर्धा शिक्का. त्याचा फॉर्म मी भरला. प्रवेश क्रमांकाच्या रकान्यात मागच्या वर्षीचा आकडा टाकला. पेन माझं, अक्षर माझं. त्याची सही मी आदल्या दिवशीच कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवली होती, कारण तो दुकानातून सुटेपर्यंत ऑफिस बंद व्हायचं. प्राचार्यांनी बारा फॉर्मवर बारा सह्या केल्या आणि फाईल परत माझ्याकडे सरकवली.

का केलं? सहा वर्षांत आमचा संघ उपांत्य फेरीच्या पुढे गेला नव्हता, आणि हा मुलगा असला की जाणार हे मला दिसत होतं. स्वतःची समजूत मात्र वेगळी घातली होती, की गरिबाच्या पोराचं भलं करतोय. भलंच करायचं होतं तर त्याची फी भरता आली असती. हजाराच्या आतली रक्कम होती. ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही असं नाही.

अंतिम सामना जिंकलो. दुसऱ्या दिवशी हरलेल्या कॉलेजने हरकतीचे पैसे भरून अर्ज दिला, सोबत त्या मुलाच्या प्रायव्हेट फॉर्मची झेरॉक्स. समिती बसली. त्याला विचारलं, तू नियमित विद्यार्थी आहेस का? तो म्हणाला, "नहीं सर, सियागंज में काम करता हूँ." एवढंच. फॉर्म कोणी भरला, हे त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ऑफिसच्या नोंदीत काहीतरी गफलत झालेली दिसते.

करंडक परत गेला. संघ बाद. त्याला तीन वर्षांची बंदी. मला प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी जरा जपून." चहात साखर जास्त होती, ते अजून आठवतं. त्यानंतर वीस वर्षं मी तेच फॉर्म भरत होतो.

म्हणजे दुसरी संधी मिळाली ती मला. मागावीसुद्धा लागली नाही.

तीन वर्षं ऐकायला फार वाटत नाहीत. पण हिशेब मांडून बघा. तो तेव्हा बावीस वर्षांचा. बंदी संपेल तेव्हा पंचविशी गाठलेली, म्हणजे वयाची अट दारात उभी. क्रिकेट पोटापाण्यासाठी खेळणाऱ्याची दोन वर्षं गेली तरी त्याच्यापुढे दहा वर्षं असतात. कॉलेजच्या खेळाडूची सगळी हयातच चार-पाच हंगामांची. बंदी ठरवणारे वर्षांत मोजतात, पोरं हंगामांत जगतात. फाशी दिली असं कोणी म्हटलं नाही, पण सुटल्यावर खेळायला मैदानच शिल्लक नव्हतं.

आता तेराव्या गड्याबद्दल. याच्याबद्दल मला कोणीच विचारत नाही.

संघ बाराचा असायचा. नऊ मैदानात, तीन राखीव. बडवाहचा मुलगा बारात आला म्हणून एक जण बाहेर गेला. रामबागेतला, मराठी घरातला, वर्गात शंभर टक्के हजेरीवाला. पळती बरी होती, दीड-पावणेदोन मिनिटं हमखास काढायचा, पण अंगात ती वीज नव्हती. मी त्याला सांगितलं, "तू पुढच्या वर्षी." त्याने मान हलवली आणि सामन्यांच्या दिवशी पहाटे येऊन मैदानावर फक्की मारून दिली. दोरी धरायला कोणी नव्हतं तर एका टोकाला खिळा ठोकून एकट्याने. त्याच्या रेषा इतक्या सरळ होत्या की पंचांनी विचारलं, कोणी मारल्या?

समितीचा निकाल लागल्यावर त्याची आई कॉलेजात आली. हातात पिशवी, पिशवीत मुलाची दहावी-बारावीची मार्कशीट. "सर, तो मुलगा निघाला म्हणतात. मग आता याचं नाव लागेल ना?" मी सांगितलं, संघच बाद झालाय, कोणाचंच नाव लागणार नाही. तिला ते पटकन कळलं नाही. पोलीस भरतीला खेळाचं प्रमाणपत्र कामाला येतं असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "पण याने तर काहीच केलं नाही." मी पाणी विचारलं. ती नको म्हणाली.

पुढच्या वर्षी तो आलाच नाही. त्या बाराजणांतल्या बाकी अकरांनीही काही केलेलं नव्हतं.

म्हणून 'पोराला दुसरी संधी द्या हो, वय लहान आहे' असं कोणी कळवळून म्हणतं तेव्हा मला आधी फक्कीच्या त्या रेषा दिसतात. आणि 'अशांना जन्माचं हाकला' असं कोणी म्हणतं तेव्हा ती हळद लावलेली बरगडी.

क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये एक योजना आणली होती. वय चोरलेल्या खेळाडूंनी १५ सप्टेंबरपर्यंत स्वतःहून खरी जन्मतारीख कळवावी. कळवली तर बंदी नाही, त्याच्या खऱ्या वयाच्या गटात खेळायला मोकळा. न कळवता पकडला गेला तर दोन वर्षं बाहेर. मला हे आवडलं होतं. वय तपासायला ते डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, पण हाडांच्या चाचणीत वर्ष-सहा महिने इकडेतिकडे होतातच. माणसाने स्वतः सांगणं त्याहून पक्कं. फक्त एक खटकलं. तेरा वर्षांच्या पोराची जन्मतारीख दोन वर्षांनी पुढे ढकलली कोणी? ते पोर काही नगरपालिकेत गेलेलं नसतं. कबुली मात्र त्याच्या नावावर.

माझा भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आयपीएलएवढा पसारा, आणि खेळाडूने एजंटाकडून भेटवस्तू घेतली तरी तो अपात्र. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रेजी बुशने २००५ ची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, अशाच भानगडीतून २०१० मध्ये परत केली. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये ट्रॉफी त्याच्या घरी परत. भाचा म्हणतो, "मामा, बघा, नियमच चुकीचा होता." त्यांचा असेल. आमचा नव्हता. नियमित विद्यार्थ्यानेच खेळावं यात मला आजही काही वावगं दिसत नाही, त्यामुळे ती पळवाट मला उपलब्ध नाही.

तिकडचाच एक जुना किस्सा मला जास्त जवळचा. जिम थॉर्प, कार्लाइलच्या शाळेतला आदिवासी मुलगा. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन, दोन्ही सुवर्णं त्याची. पुढच्याच वर्षी पदकं काढून घेतली, कारण १९०९-१० च्या उन्हाळ्यांत तो थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, आणि तेव्हा ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालायचे. खरं तर हरकत घ्यायची मुदत ३० दिवसांची, ती केव्हाच उलटून गेली होती. आणि गंमत अशी की त्या काळी कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात असंच पैशांवर खेळायची, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला म्हणून सापडला. तो १९५३ मध्ये गेला, पदकं १९८२ मध्ये परत जाहीर झाली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला समितीची खोली आठवली. 'नहीं सर, सियागंज में काम करता हूँ.'

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. द्यावी संधी. बंदी एका हंगामाची असावी आणि त्या हंगामात त्याला सरावाला येऊ द्यावं, कारण मैदानापासून तोडलेलं पोर परत येत नाही, हे मी पाहिलंय. परत आल्यावर मात्र सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून निवड चाचणी द्यावी. आधी खेळत होतास म्हणून जागा राखून ठेवलेली नाही. ज्याची जागा गेली होती तो अजून कॉलेजात असेल तर त्याचं नाव आधी. खेळाडू अपात्र निघाला म्हणून बाकीच्या अकरांची प्रमाणपत्रं फाडू नयेत. करंडक घ्या, पोरांचा सहभाग कशाला पुसता?

वय चोरून कबड्डीत किंवा कुस्तीत उतरलेल्याबद्दल माझं मन इतकं मऊ नाही. वीस वर्षांच्या अंगाखाली सोळा वर्षांचं पोर सापडलं की गळपट्टीचं हाड मोडतं, तिथे फॉर्मातली चूक म्हणून सोडता येत नाही. आणि दुसऱ्याच्या नावावर मैदानात उतरणारा डमी, त्याला तर मी दारातूनच परत पाठवीन. इथे मी विसंगत बोलतोय असं बायको म्हणते. असेन.

आणि फॉर्मावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या असतील त्यांनाही तेवढीच बंदी. खेळाडूला एक हंगाम तर क्रीडा अधिकाऱ्यालाही एक हंगाम, शिटी ड्रॉवरमध्ये ठेवून. माझ्या वेळी असं असतं तर मी तो आकडा टाकला नसता. धीर झाला नसता.

दिवाळीच्या आधी एक गृहस्थ घरी आले होते, मुलगा कबड्डीचा, असाच सापडलेला. "सर, तुमची ओळख आहे, एक शब्द टाका." मी विचारलं, फॉर्म कोणी भरला होता? म्हणाले, कोचने. मी म्हटलं, मग कोचला घेऊन या, तिघं मिळून जाऊ आणि तिथे मीही माझी १९९७ ची गोष्ट सांगतो. ते म्हणाले, उद्याच आणतो. चहा संपवून, चप्पल घालता घालता पुन्हा म्हणाले, नक्की आणतो.

संक्रांत झाली. अजून कोणी आलेलं नाही.