गिनीत बोली आणि टर्नरची आभाळं

रविवारी बाबांना घेऊन बडोद्याच्या कमाटी बागेतल्या पिक्चर गॅलरीत गेले होते, तिथे युरोपियन चित्रांसमोर ते बराच वेळ थांबले आणि मग विचारलं, "काय गं, ही असली चित्रं तिकडे राजे-सरदारच घेत असतील ना, आपल्या सयाजीरावांसारखे?"

नाही ना! मला तर हीच गोष्ट फार आवडते, की व्हिक्टोरियाच्या काळात ब्रिटिश निसर्गचित्रं विकत घेणारे कितीतरी जण कारखानदार होते. जोसेफ गिलॉट घ्या, बर्मिंगहॅमचा, टाकाच्या स्टीलच्या निबा बनवून श्रीमंत झालेला माणूस, आणि चित्रं घेतली ती थेट टर्नरकडून, म्हणजे त्या काळच्या नामांकित इंग्रज निसर्गचित्रकाराकडून! १८७२ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी लंडनला क्रिस्टीजमध्ये त्याचा संग्रह लिलावात निघाला. बोली लागायची गिनीत, म्हणजे २१ शिलिंग, पाउंडापेक्षा एक शिलिंग जास्त, आणि गंमत म्हणजे गिनीचं नाणं पाडणं तेव्हा कधीच बंद झालेलं, पण चित्रांचा भाव गिनीतच. मालकाने मनात धरलेल्या किमतीपर्यंत बोली गेली नाही तर चित्र परत घरी.

जॉन कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्रज निसर्गचित्रकाराचं मात्र वाईट वाटतं. तो १८३७ ला गेला, पुढच्या वर्षी त्याच्या स्टुडिओतली चित्रं लिलावात अगदी थोडक्या पैशात गेली. मुलांनी बरंच काही जपून ठेवलं म्हणून बरं, मुलगी इझाबेलने १८८८ मध्ये त्यातलं कितीतरी साऊथ केन्सिंग्टन म्युझियमला देऊन टाकलं.

बाबा म्हणाले, "आमच्या शाळेतही टाकच होते."