काळ्या बॉनेटवरचं जाळं: आठ आठवड्यांची नोंद

आठवडा पहिला. दिवसा सावलीत गाडी झकास दिसते. रात्री बॉनेटवर टॉर्च मारला आणि रंगावरच्या बारीक चऱ्यांचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं भलंमोठं जाळं समोर आलं. टॉर्च सरकवला की जाळंही सोबत सरकतं. हे कोडं मला फार उशिरा सुटलं: चरे मुळात गोल नसतातच. ते वाट्टेल त्या दिशेला गेलेले बारीक ओरखडे असतात आणि त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. त्यामुळे ‘मी गोल गोल पुसतच नाही’ ही माझी जुनी सबब तिथेच निकालात निघाली. पांढऱ्या गाडीवरही असे चरे असतात, पण तिथे रंगाच्याच उजेडात ते बुडून जातात. काळ्याला लपवाछपवी जमत नाही.

पॉलिशचं मशीन लावण्याआधी गेजने रंगाची जाडी मोजली. बॉनेटवर 112 ते 118 मायक्रॉन. उजव्या मडगार्डवर एकदम 240! म्हणजे माझ्या आधीच्या मालकाने ते रंगवून घेतलं होतं. एक लक्षात ठेवा, साधा गेज पत्र्यावरच्या सगळ्या थरांची बेरीज सांगतो. त्यातला आपल्या कामाचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक गाड्यांवर 40-50 मायक्रॉनच्या आसपास असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ. पॉलिश करणं म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर उतरवणं. चरा भरून निघत नाही, त्याच्या भोवतालची जमीन खाली येते. नखाला अडकणारा चरा म्हणूनच मी सोडून दिला.

आठवडा दुसरा. धुतली, रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर मारला (दारांच्या खालच्या भागातून जांभळे ओघळ आले, वास नेहमीसारखाच भयंकर), मग भरपूर ल्युब्रिकंट घेऊन क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवला. क्लेचे स्वतःचे बारीक ओरखडे काळ्यावर हमखास उमटतात, त्यामुळे पुढे पॉलिश करणार नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

टेस्ट स्पॉटवर, म्हणजे आधी करून बघायच्या छोट्या चौकोनावर, घाई नडली. सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशपासून सुरुवात करायची हे ठाऊक असूनही मी थेट जास्त थर उतरवणारा मायक्रोफायबर कटिंग पॅड आणि कंपाउंड (जाडसर, जास्त घासणारं पॉलिश) घेतलं. चरे गेले, मी खूश. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि पॉलिशच्या तेलाचा मुलामा उतरताच खाली राखाडी धुरकटपणा दिसला. माझा क्लिअर कोट मऊ निघाला. मग शेजारच्या चौकोनात मधल्या दर्जाचा फोम पॅड आणि बारीक पॉलिश घेतलं: साधारण 40 बाय 40 सेंटीमीटरची जागा, आधी आडवे मग उभे असे चार फेरे, हात अगदी सावकाश. काम झालं. धुरकट चौकोनही याच जोडीने साफ झाला.

डीए पॉलिशर (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे दुहेरी हालचालीचं मशीन) नव्याने घेतलेल्यांसाठी: बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड बसवायच्या चकतीच्या, कडेला मार्करने एक रेघ मारा. ती फिरताना दिसली पाहिजे. जोरात दाबलं की किंवा बॉनेटच्या वळणावर पॅड तिरका झाला की मशीन नुसतं थरथरतं, फिरत नाही, आणि आपण उगाच घाम गाळत बसतो. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर मी टेप लावला, तिथे रंग लवकर उतरतो.

आठवडा पाचवा. आता खरी गोष्ट. तीनच धुण्यांनंतर टॉर्च मारला आणि जाळं परत! पहिल्याइतकं दाट नाही, पण आहे. दोन दिवस पॉलिशला शिव्या घातल्या. मग आठवलं, मशीनखाली गाडी फार तर एक दिवस असते, फडक्याखाली वर्षभर असते. जुनी सीडी काढली आणि तिच्या चकाकत्या बाजूवर एकेक फडकं हलक्या हाताने फिरवलं. सीडी क्लिअर कोट नव्हे, पण फडक्यांची आपापसात तुलना करायला बरी पडते. धुण्याचा मिट (हातमोज्यासारखं फडकं) निर्दोष. सुकवायचा टॉवेल मात्र पक्का चोर! तो घरच्या सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये जायचा, सुती धागे आणि कचरा पोटात घेऊन यायचा. शिवलेल्या काठाने तर सीडीवर रेघाच ओढल्या.

तेव्हापासून मायक्रोफायबरची धुलाई वेगळी, फॅब्रिक सॉफ्टनर बंद, काठ शिवलेली फडकी चाकांच्या कामाला. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी रंगाला लागत नाही, ‘झटकून घेऊ’ हा प्रकार बंद. टॉवेल ओढत नाही; पसरतो, थापटतो, उचलतो. आरशांच्या आणि दिव्यांच्या फटींतलं पाणी ब्लोअरने आधीच उडवतो, म्हणजे पुसायला कमी उरतं.

धुण्याचा क्रमही बदलला. आधी फोम, तो वाळायच्या आत प्रेशरने उडवायचा; जेवढी धूळ हात न लावता गेली तेवढी गेली. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक पॅनेलनंतर मिट आधी साध्या पाण्यात. त्या बादलीच्या तळाला बसलेली रेती एकदा बघाच. एका बादलीवर भागवायचो तेव्हा हीच रेती मी छपरावरून डिकीपर्यंत फिरवत होतो. आणि धूळ बसलेल्या कोरड्या गाडीवर डस्टर फिरवणं पूर्ण बंद. हे सगळ्यात जड गेलं. सवयीने हात आपोआप डिकीतल्या डस्टरकडे जायचा, शेवटी तो पुस्तकांच्या कपाटाला दिला.

आठवडा आठवा. मऊ फिनिशिंग पॅडने बॉनेट आणि दारांवर दोनच फेरे, वर सीलंटचा संरक्षक थर. गेजवर बॉनेट 111 ते 117, पण एवढा फरक गेजच्या स्वतःच्या चुकीतच बसतो, त्यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. त्यानंतर दोनदा धुतली. टॉर्चखाली डाव्या दारावर चार-पाच बारीक रेघा, बाकी स्वच्छ.

राहिलेलं काम: दोन दारांमधली काळी चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी. ती रंगापेक्षाही नाजूक आहे, नुसत्या बघण्यानेही चरे पडतील असं वाटतं. आणि हँडलमागच्या वाट्या. तिथे मशीन पोचत नाही. ड्रायव्हरच्या बाजूची हाताने अर्धा तास घासली तेव्हा निम्मे चरे गेले. उरलेले माझ्याच नखांचे आहेत, शिवाय एक खोल चरा अंगठीचा.