फोडाशेजारच्या कातडीत सापडलेले निदान

दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर आणि कमरेखाली एकाच वेळी बारीक पाण्याचे फोड उठत, आणि त्यांची खाज इतकी असह्य असे की दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते नखांनी फुटून केवळ खपल्या उरत. निदान लांबले ते मुख्यतः यामुळे, कारण खपल्या पाहून खरूज, नायटा, इसब यांपैकी काहीही म्हणता येते. अमळनेरच्या उन्हाळ्यात अंगावर काहीही उठले की ‘उष्णता’ हे उत्तर तयारच असते. ते मलाही मिळाले. पुढे खरजेचे मलम सासूबाईंसह घरातील सर्वांनी लावले, वास्तविक माझ्याखेरीज कोणालाही खाज नव्हती.

पहिली बायोप्सी जुन्या, खाजवलेल्या फोडाची झाली आणि अहवालात इसबासारखी सूज एवढेच आले. त्यानंतर जळगावच्या ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी खपल्यांपेक्षा त्या कोणकोणत्या जागी आहेत याकडे अधिक लक्ष दिले. पोट बिघडते का, रक्त कमी आहे का, घरात कोणाला थायरॉइडचा त्रास आहे का, हेही विचारले. पोटाची माझी तक्रार नव्हती, हिमोग्लोबिन मात्र नेहमीच कमी असे. त्यांना संशय होता तो डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसचा, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यांना होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराच्या त्वचेवरील रूपाचा. फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये वर्णन केलेला हा आजार संसर्गजन्य नाही, हे ऐकून सासूबाईंना माझ्यापेक्षा अधिक हायसे वाटले.

या वेळी दोन तुकडे घेतले गेले: एक ताज्या फोडाचा, नेहमीच्या तपासणीसाठी; दुसरा त्याला लागून असलेल्या, दिसायला अगदी निरोगी कातडीचा. दुखते तिथून न घेता चांगल्या जागेवरून का, याचे कारण बाईंनी समजावून सांगितले. या आजारात आयजीए नावाची प्रतिपिंडे त्वचेच्या वरच्या थराखालील उंचवट्यांच्या टोकांशी कणाकणांनी साचतात. प्रत्यक्ष फोडाच्या जागी सुजेमुळे ती नष्ट झालेली असू शकतात, शेजारी मात्र टिकून राहतात. हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून चालत नाही. तो वेगळ्या द्रावात घालून, साचलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीसाठी पुण्याला गेला.

रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्धची (एन्झाइमविरुद्धची) आयजीए प्रतिपिंडे तपासताना एकूण आयजीएही पाहिले, कारण तेच मुळात कमी असेल तर अहवाल फसवा येतो. त्याच कारणासाठी तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडायचा नाही, अशी सक्त सूचना होती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर होती. खापरावरच्या पुरणपोळ्या वैद्यकीय सल्ल्याने खाण्याचा योग सर्वांना येत नाही. दोन्ही अहवालांनी संशय खरा ठरवला.

डॅप्सोन ही गोळी सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली, कारण हे विकर कमी असलेल्यांच्या रक्तपेशी या औषधाने झपाट्याने फुटू शकतात. ही गोळी कुष्ठरोगावरही देतात, त्यामुळे औषधाच्या दुकानात चिठ्ठी पाहून स्वर एकदम खाली आला; मी मात्र मोठ्यानेच उत्तर दिले. खाज काही दिवसांतच ओसरली. तथापि डॅप्सोन केवळ त्वचेला शांत करते, आतड्यांसाठी गहू सोडणेच भाग आहे आणि त्याचा त्वचेवरील परिणाम दिसायला महिनोन्‌महिने लागतात.

खानदेशात हे पथ्य अवघड नाही असे वाटते, कारण कळण्याची भाकरी, भरीत आणि भात ताटात असतातच. वरणबट्टी आणि कुरडया गेल्या, ते समजण्यासारखे आहे. खरी अडचण गिरणीची: गव्हानंतर त्याच जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ आपल्या कामाचे राहत नाही, म्हणून घरघंटी घ्यावी लागली. बाजारातील बांधानी हिंगातही बहुधा मैदा असतो, हे तर डब्यावरचा मजकूर वाचेपर्यंत ध्यानीमनीही नव्हते.

आता रक्ताचे अहवाल पाहत डॉक्टर गोळीची मात्रा कमी करत आणत आहेत. हा आजार रक्ताच्या नात्यांत आढळत असल्याने मुलांची आणि भावाचीही तपासणी झाली. भावाच्या अंगावर एकही फोड नाही, पण त्याची प्रतिपिंडे वाढलेली निघाली. एंडोस्कोपी व्हायची आहे, आणि तोपर्यंत त्याने पोळी बंद करायची नाही.