तेल वरून खाली येतं

आज सकाळी गाडीखाली ताटलीएवढा काळा डाग दिसला आणि कालच खंबाटकी घाट विनातक्रार चढून साताऱ्यात आलेल्या माझ्या 22 वर्षांच्या गाडीचे इंजिन आता खोलावे लागणार, अशी माझी खात्रीच झाली.

पोवई नाक्याजवळच्या मिस्त्रींनी मात्र आधी डिपस्टिक पाहून तेल भरले, इंजिन कापडाने कोरडे पुसले आणि गाडी चालू ठेवून ते टॉर्च घेऊन वाकले. "इंजिनच्या तळाचा तेलाचा चेंबर ओला दिसतो म्हणून चेंबरच गळतोय असं नसतं साहेब, तेल वरून खाली येतं."

थोड्या वेळाने चेंबरच्या वर, तेलाच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचच्या कडेला एक थेंब फुगला, ओघळला आणि त्यामागे दुसरा तयार झाला. लिंबाएवढाही नसलेला तो स्विच बदलला, काम संपले.

मी मात्र डाग पाहूनच खर्चाचा आकडा ठरवून मोकळा झालो होतो.

फरशीवर भुसा टाकून ठेवला आहे; डाग जायला आणखी काही उपाय आहे का?